लिनक्स वापरताना पडणारे नेहमीचे प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार थांबविला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. साधारणतः २०१७-१८ पूर्वीचे संगणक या अटीत बसत नाहीत. यंत्र चांगले चालते आहे, पण त्यावरील प्रणालीला सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नाहीत, अशी स्थिती आज अनेक घरांत, अभ्यासिकांत आणि छोट्या शाळांत आहे. ज्या घरात एकाच संगणकावर दोन-तीन भावंडांचा अभ्यास चालतो, तेथे नवा संगणक घ्या असे सांगणे सोपे, घेणे अवघड. अशा यंत्रांना पुढील चार-पाच वर्षे कामात ठेवण्याचा खात्रीचा आणि विनामूल्य मार्ग म्हणजे लिनक्स.

लिनक्सचा गाभा १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिहिण्यास घेतला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातील साधनांची त्याला जोड मिळाली आणि त्यातून डेबियन (१९९३), उबुंटू (२००४), लिनक्स मिंट (२००६) यांसारखी वितरणे उभी राहिली. भारतात सी-डॅकने डेबियनच्या आधारे ‘बॉस’ हे वितरण तयार केले. प्रस्तुत लेखातील माहिती मुख्यतः उबुंटू आणि मिंट यांना धरून आहे. जुन्या यंत्रासाठी मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी. तिला किमान २ जीबी रॅम लागते, परंतु ४ जीबी असल्याशिवाय आजचे संकेतस्थळ सुखाने उघडत नाही. पैसे खर्च करण्याची थोडी जरी ऐपत असेल तर ते जुन्या हार्डडिस्कऐवजी एसएसडी बसविण्यावर खर्च करावेत. दुसऱ्या कोणत्याही उपायाने यंत्राच्या वेगात इतका फरक पडत नाही. मात्र प्रोसेसर ३२-बिट असेल तर उबुंटू आणि मिंट यांच्या सध्याच्या आवृत्त्या त्यावर बसत नाहीत, हे आधी तपासावे.

लेखातील आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकाव्यात. ‘सुडो’ने सुरू होणारी आज्ञा दिल्यावर संगणक पासवर्ड विचारतो. तो टंकताना पुष्कळदा पडद्यावर ठिपकेही उमटत नाहीत. कळफलक बिघडला असे समजून अनेक जण येथेच थांबतात. पासवर्ड न दिसता घेतला जात असतो. तो पूर्ण टंकून एंटर दाबावे.

दोन प्रणाली, एक घड्याळ

विंडोज न काढता तिच्या शेजारी लिनक्स बसविणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेले की घड्याळ साडेपाच तास मागे का जाते? याचे कारण सरळ आहे. संगणकाच्या पाटीवर एक स्वतंत्र घड्याळ असते. त्यातील वेळ ही जागतिक प्रमाणवेळ आहे असे लिनक्स मानते. ती स्थानिक वेळ आहे असे विंडोज मानते. भारताची वेळ जागतिक वेळेच्या ५ तास ३० मिनिटे पुढे असल्याने नेमका तेवढाच फरक दिसतो. दोष कोणत्याच प्रणालीत नसतो, दोघींची समजूत वेगळी असते. लिनक्सलाही स्थानिक वेळ मानावयास लावणे हा सोपा उपाय होय. ‘टाइमडेटसीटीएल’ हा शब्द जोडून लिहावा, मोकळी जागा सोडून ‘सेट-लोकल-आरटीसी’ आणि पुढे १ हा अंक द्यावा.

दुसरा प्रश्न असा, की विंडोजच्या विभागातील फाइल लिनक्समधून उघडते, पण त्यात बदल जतन होत नाही. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय यंत्र बंद करताना ते खऱ्या अर्थाने बंद करत नाही. अर्धी स्थिती डिस्कवर जपून ठेवते. अशा अर्धवट मिटलेल्या विभागावर लिहिले तर माहितीचा नाश होईल, म्हणून लिनक्स तो केवळ वाचण्यापुरता उघडते. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये ही सोय बंद करावी, अथवा शिफ्ट कळ दाबून ठेवून शटडाउन करावे. बळजबरीने विभाग उघडण्याच्या आज्ञा अनेक जण सुचवितात, त्या वापरू नयेत.

वीज गेली आणि अद्ययावतीकरण अडकले

आपल्याकडील ग्रामीण भागात हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. तो नीट समजून घेतला तर निम्म्या अडचणी घरीच सुटतात.

प्रथम एक साधा प्रसंग. नवा प्रोग्राम बसविताना ‘कुलूप मिळू शकले नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो आणि त्यात ‘डीपीकेजी लॉक’ हे शब्द दिसतात. बहुधा पार्श्वभूमीवर दुसरे अद्ययावतीकरण चालू असते आणि एका वेळी दोघांनी नोंदवहीत लिहू नये म्हणून हे कुलूप लावलेले असते. पाच-दहा मिनिटे थांबावे. कुलपाची फाइल पुसून टाका असा सल्ला सर्रास दिला जातो. चालू काम अर्ध्यावर असताना तसे केले तर नोंदवही बिघडते आणि किरकोळ गोष्ट गंभीर होते.

आता खरोखरच काम अर्ध्यावर असताना वीज गेली, आणि लॅपटॉपची बॅटरी निकामी आहे. यंत्र पुन्हा सुरू होते, पण कोणताही प्रोग्राम बसविता येत नाही, कारण काही पॅकेज उलगडली गेली आहेत पण त्यांची जुळणी व्हायची राहिली आहे. अशा वेळी ‘सुडो डीपीकेजी’ असे लिहून, दोन जोडरेघा देऊन ‘कॉन्फिगर’ आणि शेवटी एक रेघ देऊन ‘ए’ हे अक्षर लिहावे. राहिलेली जुळणी तेथून पुढे पूर्ण होते. त्यानंतर ‘सुडो एपीटी’, एक रेघ आणि ‘एफ’, मग ‘इन्स्टॉल’ अशी आज्ञा दिली की तुटलेले परस्परावलंबन दुरुस्त होते. हा क्रम पाळावा.

याहून भीतिदायक प्रसंग तो, ज्यात चित्रमय पडदा येतच नाही. काळ्या पडद्यावर ‘इनिट्रामएफएस’ हा शब्द कंसात दिसतो आणि संगणक आज्ञेची वाट पाहत थांबतो. पुष्कळ यंत्रे या टप्प्यावर ‘गेली’ म्हणून दुकानात जातात आणि तेथे सर्व माहिती पुसून नव्याने बसविली जातात. त्या पडद्यावर वरच्या ओळी मात्र कोणी वाचत नाही. त्यांत पुष्कळदा ‘एफएससीके हाताने चालवा’ अशी सूचना आणि डिस्कच्या विभागाचे नाव स्पष्ट लिहिलेले असते. लिनक्सची नेहमीची ईएक्सटी४ ही फाइल-व्यवस्था आपल्या रचनेतील बदलांची आधी रोजनिशीत नोंद करते, म्हणून अचानक वीज गेल्यावर ती बहुधा स्वतःच सावरते. जेथे सावरत नाही, तेथे ‘एफएससीके’, रेघ आणि ‘वाय’, व त्यापुढे पडद्यावर दिलेले विभागाचे नाव लिहावे. तपासणी संपल्यावर ‘एक्झिट’ लिहिले की संगणक पुढे चालू लागतो.

एक सावधगिरी येथे सांगितलीच पाहिजे. वीज न जाता हाच पडदा महिन्यात दोन-तीनदा येऊ लागला, किंवा हार्डडिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला, तर डिस्कच मोडकळीस आली असे समजावे. मरणासन्न डिस्कवर दुरुस्ती चालविल्याने उरलेली माहितीही जाऊ शकते. अशा वेळी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करावा, आधी आपली छायाचित्रे, प्रमाणपत्रे आणि प्रबंध दुसरीकडे उतरवून घ्यावेत आणि मगच दुरुस्तीचा विचार करावा. पेनड्राइव्हवरून चालणारे हे लिनक्स ज्याच्या खणात तयार असते, त्याला निम्मी चिंता नसते.

अद्ययावतीकरणानंतर यंत्र सुरूच होत नसेल तर सुरुवातीच्या यादीतील ‘प्रगत पर्याय’ उघडून आधीचा कर्नल निवडावा. तो मुद्दाम ठेवलेला असतो. डिस्क गच्च भरली असेल तर प्रवेशाचा पडदा पासवर्ड घेतो आणि पुन्हा तेथेच येतो. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबून अक्षरी पडद्यावर जावे, ‘डीएफ’, रेघ आणि ‘एच’ या आज्ञेने कोणता विभाग शंभर टक्के भरला ते पाहावे आणि ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह’ व ‘सुडो एपीटी क्लीन’ यांनी जागा मोकळी करावी. वाय-फाय दिसत नसेल तर त्याचा ड्रायव्हर हवा, आणि ड्रायव्हर उतरवून घेण्यासाठी इंटरनेट हवे, असा पेच पडतो; मोबाइल तारेने जोडून यूएसबी टेथरिंग सुरू करावे, बहुतेक फोन लिनक्स लगेच ओळखते. पेनड्राइव्हवर फाइल टाकल्यावर प्रगतीची पट्टी संपली तरी माहिती काही काळ रॅममध्येच असते. म्हणून ‘इजेक्ट’ केल्याशिवाय तो काढू नये. परीक्षेच्या आदल्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात रिकामी फाइल उघडते ती पुष्कळदा यामुळेच.

मराठीचा प्रश्न

मराठी वापरणाऱ्याच्या दृष्टीने हा भाग सर्वांत मोलाचा आहे. पडद्यावर अक्षरांऐवजी चौकोन दिसत असतील तर फॉन्ट नाही एवढाच त्याचा अर्थ; ‘लोहित देवनागरी’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ बसवावा. टंकनासाठी कळफलकाच्या सेटिंगमध्ये मराठी जोडावी आणि इनस्क्रिप्ट निवडावा. या मांडणीत स्वर व मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला येतात आणि आठवडाभराच्या सरावाने हात बसतो. उच्चारानुसारी रोमन पद्धत पहिल्या दिवशी सोपी वाटते, परंतु ज्यांना भरपूर लिहायचे आहे त्यांनी इनस्क्रिप्टच शिकावा असे माझे मत आहे. ‘दऱ्या’, ‘कैऱ्या’ यांतील ऱ साठी शिफ्ट धरून जे कळ दाबावी, मग डी कळेने हलन्त द्यावा आणि पुढे य. लिब्रेऑफिसमध्ये देवनागरीचा फॉन्ट इंग्रजीच्या फॉन्टहून वेगळा नेमावा लागतो. पर्यायांतील भाषा-विभागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ची खूण करून मराठी निवडली की हा गोंधळ मिटतो.

खरा पेच जुन्या मजकुराचा आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएम यांसारख्या फॉन्टांत संस्थांच्या स्मरणिका, अहवाल, जन्म-जयंतीच्या पत्रिका, लेखकांची हस्तलिखिते टंकली गेली. त्या फाइली लिनक्सवर उघडल्या की निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. त्या बिघडलेल्या नसतात. या फॉन्टांनी देवनागरी आकृत्या इतर अक्षरांच्या जागी बसविल्या होत्या. कृतिदेवमध्ये ‘राम’ हा शब्द प्रत्यक्षात जे, के, ई या तीन रोमन अक्षरांच्या रूपाने साठविलेला असतो. जुना फॉन्ट आपल्या होम फोल्डरमधील फॉन्टच्या फोल्डरात टाकला तर मजकूर वाचता येतो, परंतु संगणकाच्या लेखी तो मराठी नसतोच. एखाद्या माजी विद्यार्थ्याने आपले नाव शोधले तर ते त्या अंकात छापलेले असूनही सापडणार नाही.

म्हणून असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवणे हे प्रत्येक संस्थेने हाती घ्यावे असे काम आहे. प्रत्येक फॉन्ट-कुळाची मांडणी वेगळी असल्याने मूळ फॉन्टचे नाव आधी नोंदवावे आणि त्याच कुळाचा परिवर्तक वापरावा. रूपांतरानंतर वाचन अपरिहार्य आहे, विशेषतः दोन ठिकाणी. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर साठवला जाई, कारण तो दिसण्याचा क्रम होता. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो. त्यामुळे ‘स्थिती’, ‘वार्षिक’ यांसारखे शब्द हमखास बिघडतात. दुसरे ठिकाण ऱ्य आणि ऱ्ह. ही जोडाक्षरे युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतात, दोन्ही सारखीच दिसतात, पण एकीने शोधल्यास दुसरी सापडत नाही. संपूर्ण संग्रहात एकच रीत ठेवावी. रूपांतर झाले तरी मूळ फाइल आणि तिचा फॉन्ट टाकून देऊ नये, शंका आली की तेथेच परतावे लागते.

लिनक्सने सर्व भागते असे मात्र नाही. हिशेबाची टॅली लिनक्ससाठी निघत नाही. काही स्वस्त लेझर छपाईयंत्रांचे ड्रायव्हर निर्मात्यांनी दिलेले नाहीत, तेव्हा छपाईयंत्र घेण्याआधीच लिनक्सची नोंद पाहावी. कार्यालयात अशी कामे असतील तर त्यासाठी एक यंत्र विंडोजवर ठेवून उरलेली लिनक्सवर न्यावीत. आणि अडचण दुसऱ्यास विचारताना ‘संगणक चालत नाही’ एवढेच कळवू नये. वितरणाचे नाव व आवृत्ती, संदेशातील नेमके शब्द अथवा पडद्याचे छायाचित्र, आणि बिघाडापूर्वी काय बदलले, या तीन गोष्टी पाठविल्या तर गावात बसूनही पुण्या-मुंबईतील जाणकाराकडून फोनवर उत्तर मिळते.