बदललेले एंजिन आणि दोषांचा शोध

मोटारगाडीचे एंजिन झिजले, तेल जाळू लागले आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जाऊ लागला, म्हणजे ते काढून दुसरे एंजिन बसविण्याचा विचार मालकाच्या मनात येतो. हे काम कारखान्यात होते, तसेच हौशी माणसाच्या अंगणातही होते. परंतु एका गाडीत उत्तम चालत असलेले एंजिन दुसऱ्या गाडीत बसविले की ते चालूच होत नाही, किंवा चालू होऊन अडखळते, असा अनुभव पुष्कळांना येतो. अशा वेळी एंजिनच खराब निघाले असा निष्कर्ष घाईने काढला जातो व चांगले यंत्र विनाकारण उकलले जाते. वास्तविक दोष बहुधा एंजिनाच्या पोटात नसतो. एंजिन आणि गाडी यांना जोडणाऱ्या तारा, नळ्या व पट्टे यांच्या सांध्यांत तो असतो. म्हणून शोधाचा आरंभ सांध्यांपासून करावा.

चंडीगढ हे शहर अशा एंजिनाची कसोटी पाहणारे आहे. तेथे जानेवारीतील पहाटेचे तापमान कधी कधी ५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरते, तर मे-जून महिन्यांत दुपारी ते ४० अंशांच्या वर जाते. शहराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३२० मीटर असून, कालक्यावरून सिमल्याकडे जाणारा घाट २,००० मीटरांहूनही उंच चढतो. थंडी, उष्णता व चढ या तिन्ही परीक्षा एकाच गाडीला थोड्या अंतरात द्याव्या लागतात. विवेचनासाठी अँबॅसॅडर ही गाडी घेऊ. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होत असलेली ही गाडी सरकारी कचेऱ्यांत दीर्घकाळ वापरली गेली. तिच्या पुष्कळ गाड्यांत १,४८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे पेट्रोल एंजिन असे.

प्रथम सुरक्षितता

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचते व दूरच्या ठिणगीनेही पेट घेते. म्हणून नळ्यांचे सर्व जोड तपासल्यावाचून बॅटरी जोडू नये व अग्निशामक हाताशी ठेवावा. थंडीच्या दिवसांत गॅरेजचे दार लावून एंजिन चालू ठेवणे हे प्राणघातक ठरते. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही व वास नाही. रक्तातील हीमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. त्यामुळे माणसाला धोक्याची जाणीव होण्यापूर्वीच तो बेशुद्ध पडू शकतो.

एंजिन फिरते काय?

चावी फिरविल्यावर स्टार्टर मंदपणे कण्हतो, तेव्हा दोष बॅटरीवर ढकलला जातो. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एंजिन रबराच्या आधारांवर बसविलेले असते आणि रबर विजेचा दुर्वाहक आहे. म्हणून एंजिन व गाडीचा सांगाडा यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी आवश्यक असते. एंजिन बदलताना ती पट्टी लावावयाची विसरते, किंवा तिच्याखाली रंग व गंज राहतो. मग स्टार्टरचा प्रचंड प्रवाह मिळेल त्या वाटेने परत जातो. चोकची वा अॅक्सिलरेटरची बारीक तार तापू लागली, तर हेच कारण समजावे. परीक्षा सोपी आहे. स्टार्टर फिरत असताना एंजिनाचे धड व बॅटरीचे सांगाड्याला जोडलेले टोक यांच्यामध्ये व्होल्टमापक धरावा. तो अर्ध्या व्होल्टहून बराच जास्त दाब दाखवीत असेल, तर परतीच्या मार्गात अडथळा आहे.

जुन्या काही गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे, तर पुढील काळात ऋण टोक जोडण्याची पद्धत रूढ झाली. जुन्या गाडीत नवा आल्टर्नेटर असलेले एंजिन बसविताना हा भेद पाहिला नाही, तर आल्टर्नेटरातील डायोड क्षणात जळतात.

ठिणगी वेळेवर पडते काय?

ठिणगी पडते, पेट्रोलही पोहोचते, तरी एंजिन चालू न होता कार्बुरेटरमधून भडका उडतो, ही तक्रार एंजिन बदलल्यानंतर वारंवार ऐकू येते. तिचे कारण चतुर्घाती चक्रात आहे. हवा व पेट्रोल आत घेणे, दाबणे, ज्वलन व धूर बाहेर टाकणे या चार क्रिया पूर्ण होण्यास भुजादंडाचे दोन फेरे लागतात, व तेवढ्या वेळात दट्ट्या दोनदा वरच्या टोकाला येतो: एकदा दाबाच्या अखेरीस आणि एकदा धूर बाहेर टाकण्याच्या अखेरीस. ठिणगी पहिल्या वेळीच हवी. ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर मात्र त्याच काळात एकच फेरा करतो. तो अर्ध्या फेऱ्याने चुकीचा बसला, तर भुजादंडावरील खूण बरोबर जुळूनही ठिणगी दुसऱ्या वेळी पडते. आत येण्याची झडप त्या वेळी उघडू लागलेली असल्याने ज्वाला मागे कार्बुरेटरकडे धावते.

खात्री करण्यासाठी पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून छिद्रावर अंगठा ठेवावा व एंजिन हातानेच हळू फिरवावे. या वेळी ठिणगीचा प्रवाह बंद असावा. अंगठ्याला हवेचा जोर जाणवून खूण जुळली, की ते दाबाचे टोक होय. त्या स्थितीत डिस्ट्रिब्यूटरचा फिरता हात पहिल्या प्लगच्या तारेसमोर असला पाहिजे. पुढील तारा हात फिरण्याच्या दिशेने १, ३, ४, २ या क्रमाने लावाव्यात.

हवा, पेट्रोल आणि तेल

पेट्रोलच्या सुमारे पंधरा पट वजनाची हवा मिळाली म्हणजे ज्वलन पूर्ण होते. कार्बुरेटरच्या खालच्या सांध्यातून जादा हवा शिरली, तर एंजिन मंद गतीत थरथरते व वेग वाढविताच सुरळीत होते. मंद गतीत एकूण हवा थोडी असल्याने गळतीचा वाटा मोठा ठरतो, हे त्याचे कारण.

पेट्रोल फवारणारे आधुनिक एंजिन जुन्या गाडीत बसविले असेल, तर पंपाकडे पाहावे. कार्बुरेटरला वातावरणाच्या दाबाचा चौथा हिस्सा एवढा दाबही पुरतो. फवाऱ्याला त्याच्या दहापट किंवा त्याहून अधिक दाब लागतो. शिवाय अशा एंजिनाचा संगणक व त्याचे संवेदक त्याच्याबरोबरच आणावे लागतात.

तेलाच्या बाबतीत घाई मुळीच चालत नाही. प्रथम सर्व प्लग काढून स्टार्टरने एंजिन फिरवावे व तेलाचा दाब चढल्याचे मापकावर पाहावे. चालू एंजिनात दाब दिसला नाही, तर ते तत्काळ बंद करावे. कारण तेलावाचून थोड्याच वेळात बेअरिंग नष्ट होतात.

उष्णता आणि चढ

शहरात नीट चालणारी गाडी घाटात तापली, तर रेडिएटरपूर्वी नळ्यांत अडकलेली हवा शोधावी. एंजिन थंड असतानाच झाकण उघडून हवा काढावी व पाणी भरावे. पंखा उलट बाजूने बसला असल्यास तो हवा नीट ओढीत नाही, हेही पाहावे. सिमल्याच्या उंचीवर उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ९३ अंशांनाच उकळते, म्हणून झाकणाचे दाबबंद रबर शाबूत हवे. तेथील हवा चंडीगढपेक्षा सुमारे एक-षष्ठांशाने विरळ असते. कार्बुरेटरचे मिश्रण त्यामुळे पेट्रोलने अधिक समृद्ध होते, गाडीचा जोर घटतो व धूर काळा येतो. हा दोष नसून उंचीचा परिणाम आहे. तो घालविण्यासाठी घाटात स्क्रू फिरविला, तर खाली परतल्यावर मिश्रण नको तितके विरळ होते.

एका वेळी एकच बदल

तार बदलली, कार्बुरेटर फिरविला आणि प्लगही नवे घातले, की गाडी सुधारली तरी कशाने सुधारली हे कळत नाही. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी, परिणाम पाहावा व वहीत टिपावा. सर्व सांधे निर्दोष ठरले, तरच सिलिंडरांतील दाब मोजून एंजिनाच्या अंतर्भागाचा विचार करावा.

यंत्र सुरळीत चालू लागले तरी काम पुरे होत नाही. नोंदणीपत्रावर एंजिनाचा क्रमांक लिहिलेला असतो, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीतील फेरफारांवर निर्बंध घालते. म्हणून एंजिन विकत घेण्यापूर्वीच नोंदणी कचेरीत चौकशी करावी व विक्रीची पावती जपून ठेवावी. क्रमांक न जुळणारी गाडी रस्त्यावर आणली, तर अपघातानंतर विम्याचा दावा अडू शकतो.