दूर्वेची हिरवळ

अंगणात हिरवळ करावयाची असल्यास दूर्वा, म्हणजेच हरळी, ही वनस्पती उत्तम होय. तिची खोडे जमिनीलगत सरपटत जातात व पेऱ्यापेऱ्यास मुळे फुटून दाट गालिचा तयार होतो. म्हणूनच पावसाळ्याच्या आरंभी दोन-तीन पेऱ्यांचे तुकडे सुमारे १० सेंटिमीटर अंतरावर, निदान एक पेरे मातीत राहील असे लावावेत. झाडाच्या दाट सावलीत मात्र कितीही पाणी घातले तरी ती विरळच राहते. तिला भरपूर ऊन हवे.

शेतकरी हरळीला भितो, ते अकारण नव्हे. तिच्या भूमिगत खोडाचा लहानसा तुकडाही पुन्हा फुटतो. यास्तव फुलझाडांच्या वाफ्यात शिरलेली खोडे वेळीच खणून काढावीत आणि खताच्या खड्ड्यात न टाकता कडक उन्हात पुरती वाळवावीत.