वाचनस्पर्धेत गुण कशास द्यावे?

मावळातील काही शाळांच्या मुलामुलींची प्रकट वाचनाची स्पर्धा लोणावळ्यास भरली असता परीक्षकाचे काम आमच्याकडे आले होते. निकालानंतर एका पालकांनी विचारले, "आमचा मुलगा कोठेही अडखळला नाही, मग त्याचा क्रमांक का लागला नाही?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर सर्वांच्याच उपयोगी पडावे, म्हणून हा लेख.

आपली जुनी मोडी लिपी पाहा. ती सलग लिहीत. शब्दाशब्दांत जागा नसे आणि विरामचिन्हेही नसत. शब्द कोठे संपला, वाक्य कोठे संपले, हे वाचणाराने अर्थावरूनच ताडावयाचे. पुढे छापील बालबोध पुस्तके आली. इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे मराठीत रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. 'विरामचिन्हांची परिभाषा' हे त्यांचे पुस्तक १८५० साली निघाले. त्यामुळे वाचन सुलभ झाले खरे. परंतु अर्थ न कळताही भराभर वाचता येऊ लागले. परीक्षकाने पारख करावयाची ती येथेच.

प्रथम उच्चार. मराठीत च, ज, झ यांचे उच्चार दोन प्रकारचे आहेत. 'चार' या संख्येतील च निराळा आणि गुरांच्या 'चाऱ्या'तील च निराळा. 'जरा' म्हणजे थोडे आणि 'जरा' म्हणजे वार्धक्य. अक्षरे तीच, पण ज वेगळा. तसेच 'मन' आणि 'मण' यांत केवढे अंतर! म्हणून घरी 'पानी' म्हणणाऱ्या मुलाने पुस्तकातले 'पाणी' वाचताना ण उच्चारण्यास शिकावे. परंतु बोलण्यात मावळी हेल आहे, एवढ्यावरून आम्ही गुण कापीत नाही. आणि त्या हेलास जे हसतात, त्यांनी वाचनाचा पहिला धडाही घेतलेला नसतो.

दुसरी गोष्ट वाक्याच्या शेवटाची. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते. 'आहे' की 'नाही' हे तेथेच ठरते. पुष्कळ मुले आरंभी मोठा आवाज लावतात आणि शेवट गिळून टाकतात. लोणावळ्याचा पाऊस पत्र्यावर कोसळत असता ओरडून उपयोग नाही. शेवटचे अक्षर स्पष्ट उच्चारले, म्हणजे मागच्या बाकावरही ऐकू जाते.

तिसरी आणि मुख्य गोष्ट अर्थाची. अडखळणे दोन प्रकारचे असते. एक अक्षर न ओळखल्यामुळे. दुसरे अर्थ जुळेना म्हणून. पवन मावळातील एक मुलगी एका वाक्यात थांबली, मागे गेली आणि तेच वाक्य योग्य ठिकाणी विराम घेऊन पुन्हा वाचती झाली. तोच उतारा एका मुलाने पाण्यासारखा वाचला. पण त्यात काय सांगितले आहे, असे विचारताच तो गप्प राहिला. आमच्या सहपरीक्षकांपैकी एकाचे म्हणणे पडले की, स्पर्धा वाचनाची आहे, आकलनाची नव्हे. त्यावर बराच वेळ चर्चा झाली. ज्याला स्वतःला अर्थ कळला नाही, तो ऐकणारास काय देणार, या विचारावर अखेर एकमत झाले आणि मुलीस वरचा क्रमांक मिळाला.

प्रेषितांच्या कृत्यांत एका हबशी अधिकाऱ्याची गोष्ट आहे. तो रथात बसून यशयाचा ग्रंथ मोठ्याने वाचीत होता. फिलिप्पाने त्याला पहिला प्रश्न केला तो अर्थ कळतो की नाही, हाच. आणि त्या अधिकाऱ्यानेही कळत नसल्याचे मोकळेपणाने सांगितले. वाचणाराच्या अंगी असा प्रामाणिकपणा हवा.

पालकांस आमची एक विनंती आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. पण एका दिवसाने वाचन येत नाही. रोज दहा मिनिटे मुलाकडून घरातील कोणासही काही वाचून घ्यावे. ज्या आजीस अक्षरओळख नाही, तिला वाचून दाखविणे तर फारच उत्तम. ऐकता ऐकता तिने मध्येच "मग पुढे काय झाले?" असे विचारले, तर मूल चांगले वाचते, असे खुशाल समजावे. तिच्याइतका निःपक्षपाती परीक्षक कोणत्याही स्पर्धेस मिळावयाचा नाही.

विद्यार्थ्यांनो, क्रमांक एकालाच मिळतो. परंतु आपल्या वाचनाने दुसऱ्यास अर्थ पोहोचविण्याचा आनंद ज्याला त्याला मिळण्यासारखा आहे. तो मिळवा.