कपाशीच्या शेतातील मित्रकीटक व त्यांचे संरक्षण

एखाद्या ठिकाणी कोणते जीव किती संख्येने राहावेत, हे केवळ हवापाण्यावर ठरत नाही. ते जीव एकमेकांशी कसे वागतात यावरही ठरते. रॉबर्ट पेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने समुद्रकाठच्या खडकांवर हे सिद्ध केले. १९६३ साली त्याने एका खडकावरील तारामासे वेचून दूर टाकण्यास प्रारंभ केला. तारामासा शिंपले खातो. तो नाहीसा होताच शिंपल्यांनी सारी जागा व्यापली व तेथील १५ जातींपैकी ८ च उरल्या. एक भक्षक गेला आणि सारी वस्तीच बदलली.

इस्लापूर भागातील कपाशीच्या शेतातही हाच न्याय लागू पडतो. मावा पानांतील रस शोषतो. ढालकिडा व त्याची अळी, तसेच क्रायसोपाची अळी, हा मावा खातात. याउलट, माव्याच्या अंगातून स्रवणाऱ्या गोड चिकट द्रवासाठी मुंगळे त्याची राखण करतात. म्हणून झाडावर मुंगळ्यांची रांग दिसल्यास पाने उलटून पाहावीत.

पेरणीनंतर लवकरच तीव्र विषारी औषध फवारल्यास किडीबरोबर मित्रकीटकही मरतात. माव्याची मादी नराशिवाय पिल्ले देते. त्यामुळे मावा थोड्याच दिवसांत पुन्हा वाढतो. मित्रकीटकांची वाढ मात्र सावकाश होते. मग पुन्हा फवारणी, पुन्हा खर्च, असे चक्र सुरू होते. हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. २०१७ साली पैनगंगेपलीकडील यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरता येणार नाही.

यास्तव शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी कराव्यात :

१. कपाशीभोवती चवळीची ओळ पेरावी. चवळीवर येणाऱ्या माव्यावर ढालकिड्यांचे पोषण होते व पुढे ते कपाशीकडे वळतात.

२. दर आठवड्यास शेतातील २० झाडे पाहावीत. मावा दर पानी सरासरी १० किंवा तुडतुडे २ ते ३ आढळल्याखेरीज फवारणी करू नये.

३. ही मर्यादा ओलांडल्यास प्रथम ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा. त्यासाठी ५ किलो निंबोळी चूर्ण रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, एकूण १०० लिटर द्रावण करावे.

मित्रकीटकांच्या शक्तीलाही मर्यादा आहे. गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की ढालकिडा तिच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. तिच्यासाठी कामगंध सापळे लावून पतंगांवर लक्ष ठेवावे, फरदड घेऊ नये आणि वेचणी संपताच पऱ्हाटी शेतातून काढावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ढालकिड्याची काळसर, ठिपकेदार अळी शेतकऱ्यांस प्रत्यक्ष झाडावर दाखवावी. अनेकजण तिला कीड समजून चिरडतात. जो आपला राखणदार आहे, त्याची ओळख पटणे हीच पीक-संरक्षणाची पहिली पायरी होय.