फटक्याचा जोर मोजायचा कसा?

प्रश्न : आम्ही चेन्नईत राहतो. माझा बारा वर्षांचा मुलगा बेसबॉल शिकतो. रडार गन नसताना त्याची प्रगती कशी मोजावी? – एक पालक

उत्तर : मोबाइल पुरेसा आहे. चेंडू टी-स्टँडवर ठेवा, समोर 6 मीटरवर जाळी बांधा आणि बाजूने सेकंदाला 240 फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये चित्रण करा. बॅटपासून जाळीपर्यंत 60 फ्रेम लागल्या, म्हणजे पाव सेकंद. वेग झाला ताशी सुमारे 86 किलोमीटर.

पंधरा दिवसांतून एकदा असे 10 फटके मोजा. सर्वांत वेगवान फटका जोर सांगतो, आकड्यांतला फरक सातत्य. एकाचे वेग 70, 71, 72 आणि दुसऱ्याचे 90, 50, 73 असले, तरी सरासरी दोघांचीही 71च. दुसऱ्याकडे ताकद आहे, पण चेंडू दर वेळी बॅटच्या योग्य भागावर बसत नाही. त्याने व्यायाम वाढवण्याआधी तंत्र सुधारावं.

बॅट, चेंडू आणि वेळ तीच ठेवा. चेन्नईच्या दमट उकाड्यात दुपारचे आकडे फसवतात, सकाळीच मोजा. वही मुलालाच लिहू द्या आणि तुलना त्याच्या मागच्या पानाशीच करा, शेजारच्या मुलाशी नको.