सर्व की बहुतेक?

विज्ञान हा माझा विषय नव्हे. तरीही गतवर्षीच्या वक्तृत्व स्पर्धेत 'सर्व ऊर्जा सूर्याचीच' असे मी ठणकावून सांगितले. परीक्षकांनी "मग तारापूरचे काय?" एवढेच विचारले आणि मी निरुत्तर झाले. तो प्रश्न वर्षभर डोक्यात घोळत राहिला.

आमचे घर चिपळूणजवळ, वाशिष्ठीच्या काठी. भर वैशाखातही या नदीला पाणी असते, कारण ते कोयनेचे. पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून १९६२ पासून वीज निघते. वीज पाण्याची हे खरे. पण ते पाणी सह्याद्रीच्या माथ्यावर चढवले कोणी? सूर्याने समुद्राची वाफ केली, जमीन तापवून मोसमी वारे इकडे ओढले, ढग घाटाला अडले आणि कोयनेचे खोरे भरले. तेच पाणी पश्चिमेकडे वळवून खाली सोडले की जनित्रे फिरतात. सूर्याने उचललेले ओझे आपण उतरवून घेतो, इतकेच!

आजीच्या चुलीतली लाकडे म्हणजे पानांनी काही वर्षांत साठवलेले ऊन. चंद्रपूरचा कोळसाही ऊनच, पण २५ कोटी वर्षांहून जुने. गोंडवनकालीन दलदलीतल्या वनस्पतींनी साठवलेले. १९७४ साली मुंबई हाय येथे सापडलेले तेल सूक्ष्म सागरी जीवांचे. अर्थशास्त्राच्या भाषेत कोयना हे दरवर्षीचे उत्पन्न, कोळसा आणि तेल हे भांडवल. उत्पन्न पुढच्या पावसाळ्यात पुन्हा येते. भांडवल मोडले की मोडलेच. उगम एकच म्हणून दोन्हींना एका मापाने मोजणे, ही माझ्या भाषणातली दुसरी चूक. ती परीक्षकांच्या ध्यानात आली नसावी!

आता तारापूर. तेथे १९६९ पासून युरेनियमच्या अणुविखंडनातून वीज होते. सूर्य हायड्रोजनपासून हेलियम घडवतो. युरेनियम घडवणे त्याच्या आवाक्याबाहेरचे. ते इतर ताऱ्यांच्या प्रलयंकारी घडामोडींत, सूर्य जन्मण्यापूर्वीच तयार झाले. दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्याच्या गरम झऱ्याचेही तसेच. नावात 'ऊन' आहे खरे, पण ती उष्णता पृथ्वीच्या पोटातली.

परवा स्नेहसंमेलनात तेच परीक्षक सर भेटले. हे सारे त्यांना एका दमात सांगितले. ते हसून म्हणाले, "आणि दाभोळच्या खाडीतली भरती?"

"मुख्यतः चंद्राची, सर. थोडी सूर्याचीही, पण ती त्याच्या ओढीने, उन्हाने नव्हे."