व्याज मोजता आले पाहिजे

उलव्यात आपल्यापैकी कुणाला मासळी विकायची असते, कुणाला वडापावची गाडी लावायची असते. हाताला कसब आहे, पण भांडवल नाही. मग आपण कर्ज काढतो. कर्ज काढणे वाईट नाही. न समजता काढणे वाईट.

एक हिशेब करू. १,००० रुपये वर्षभरासाठी घेतले. सावकार म्हणतो, "शेकडा ५ फक्त!" पण हे ५ महिन्याचे. म्हणजे महिन्याला ५० रुपये, वर्षाला ६००. दुसरीकडे वर्षाला शेकडा १२ दर असेल, तर वर्षाचे व्याज १२०. ५ लहान दिसतो, १२ मोठा दिसतो. फसगत होते ती इथेच.

आता म्हसवडच्या बायांची गोष्ट ऐका. हे गाव सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यात आहे. तिथल्या बायांना स्वतःची बँक काढायची होती. चेतना सिन्हा त्यांच्यासोबत होत्या. रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला, कारण बायांना लिहिता-वाचता येत नव्हते. बाया खचल्या नाहीत. त्या शिकल्या आणि पुन्हा गेल्या. साहेबांना म्हणाल्या, कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही सांगतो! १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

तेव्हा सही करण्याआधी आपण तीन गोष्टी विचारू. व्याज महिन्याचे की वर्षाचे? हप्ते किती, केवढ्याचे? भरलेल्या पैशाची पावती मिळेल ना?